गोठलेला मटार, गोठलेली सुरमई आणि पाकिटावरची किंमत

सुपरमार्केटच्या शेवटच्या रांगेत, आइस्क्रीमच्या शेजारी, काचेच्या झाकणाखाली मटार, मका, फरसबी, सुरमईच्या तुकड्या आणि सोललेली कोळंबी एकाच थंडीत पडलेली असतात, आणि बहुतेक घरांत या सगळ्यांविषयी सरसकट एकच मत असते. काहींच्या लेखी फ्रोझन म्हणजे शिळे. असे पाकीट घरात आणणे हा गृहिणीच्या कर्तबगारीवरचा डागच. काहींना सोलणे, निवडणे आणि साफ करणे वाचले एवढेच पुरेसे असते, आणि पाकिटावरची किंमत नेमकी किती ऐवजाची आहे हे ते पाहत नाहीत. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. जी थंडी मटाराचे भले करते तीच बोंबलाचा सत्यानाश करते, त्यामुळे प्रत्येक जिन्नसाचा निवाडा वेगळा व्हायला हवा, आणि तो करताना दोनच गोष्टी विचाराव्यात: गोठवला जाताना तो जिन्नस किती ताजा होता, आणि आपल्या हाती प्रत्यक्ष खाण्याजोगे वजन किती पडते.

गोठवणे म्हणजे पदार्थातल्या पाण्याचा बर्फ करणे, आणि पुढचे सगळे बरेवाईट त्या बर्फाच्या स्फटिकांच्या आकारावर ठरते. भाजी किंवा मासा शून्य अंशाला गोठत नाही, कारण त्यांच्या पेशींतल्या पाण्यात क्षार, साखर आणि इतर द्रव्ये विरघळलेली असतात. उणे एक ते उणे पाच अंश सेल्सिअस या पट्ट्यात त्यातल्या बहुतांश पाण्याचा बर्फ होतो. पदार्थ या पट्ट्यात जितका रेंगाळतो तितके स्फटिक मोठे होतात, पेशींची आवरणे फाडतात, आणि पुढे पदार्थ वितळला की त्यातला रस ताटलीत ओघळतो. कारखान्यात उणे पस्तीस-चाळीस अंशांच्या वाऱ्याने हा पट्टा झटपट ओलांडला जातो. मटारासाठी तर जाळीखालून इतक्या जोराने गार हवा सोडतात की दाणे हवेत उसळत राहतात आणि काही मिनिटांत एकेक सुटा गोठतो. पाकीट हलवल्यावर दाणे खुळखुळतात ते यामुळे. आपल्या घरच्या फ्रीजरमध्ये मात्र अर्धा किलो सुरमईचा डबा गोठायला कित्येक तास लागतात. त्यामुळे रविवारी बाजारातून ताजी म्हणून आणलेली आणि बुधवारसाठी घरी गोठवून ठेवलेली मासळी ही चांगल्या कारखान्यात गोठवलेल्या मासळीपेक्षा पुष्कळदा निकृष्ट होते. बाजारातून आणली म्हणून ती सरस, हा समज घराघरांत घट्ट असला तरी त्याला आधार नाही.

झटपट गोठवण्याचे महत्त्व बाजाराला पटवून दिले ते क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकी गृहस्थाने. १९१०च्या दशकात तो आताच्या कॅनडातल्या लॅब्राडोर भागात राहिला होता. तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या वाऱ्यात मासा पाण्याबाहेर काढताच गोठवत, आणि महिन्यांनंतरही तो मासा ताज्यासारखा लागे, हे त्याने पाहिले व पुढे त्यासाठी यंत्रे तयार केली. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शहरातल्या दुकानांत त्याची गोठवलेली पाकिटे प्रथम किरकोळ विक्रीला आली, आणि त्यांत मासळीबरोबर मटार व पालकही होता.

मटाराची बाजू सर्वांत भक्कम आहे, म्हणून आधी त्याविषयी. शेंग वेलीवरून तोडली की दाण्यातल्या साखरेचे पिठूळ द्रव्यात रूपांतर सुरू होते आणि उष्णतेत ते वेगाने होते. पुण्यात ऑगस्ट-सप्टेंबरात पुरंदर तालुक्यातला मटार येतो, आणि सासवडच्या शेतातून सकाळी तोडलेली शेंग त्याच दिवशी आपल्या हाती पडली तर तिच्याशी कोणत्याही पाकिटाने स्पर्धा करू नये. हिवाळ्यात मात्र मध्य प्रदेशातला, विशेषतः जबलपूरकडचा मटार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात ट्रकांनी येतो. तो स्वस्त आणि चांगला असतो, पण शेत, तिथला बाजार, ट्रक, घाऊक गाळा आणि किरकोळ टोपली असा प्रवास करून आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे दोन-तीन दिवस तरी गेलेले असतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या हिमाचलच्या मटाराचा प्रवास त्याहून लांबचा. गोठवण्याचा मटार मुख्यत्वे उत्तरेत, पंजाब आणि उत्तराखंडाच्या तराईसारख्या भागांत हिवाळी हंगामात काढतात, आणि तिथल्या चांगल्या कारखान्याची सगळी धडपड तोडणी ते गोठवणे यांतले अंतर काही तासांवर आणण्याची असते, कारण गोडी गेलेला दाणा गोठवून गोड होत नाही.

गोठवण्यापूर्वी दाणे एक-दोन मिनिटे उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढून लगेच गार करतात. दाण्यांतली विकरे, म्हणजे आतल्या रासायनिक क्रिया घडवणारी द्रव्ये (एन्झाइम), थंडीत मंद होतात, पण थांबत नाहीत. ती निष्क्रिय केली नाहीत तर महिन्या-दोन महिन्यांत मटाराला गवतासारखा वास येऊ लागतो आणि रंग मळकट होतो. पाकिटातल्या मटाराचा हिरवा रंग पाहून अनेकांना कृत्रिम रंगाची शंका येते. वास्तविक हिरवेपणा खुलतो तो या वाफवण्यानेच, आणि घरी मटार उकळत्या पाण्यात टाकून पाहिले तर तोच रंग दिसतो. खरी शंका घ्यायची असेल तर ती गाडीवर पाण्यात भिजत ठेवलेल्या, एकसारख्या भडक हिरव्या सोललेल्या दाण्यांविषयी घ्यावी. वाळलेले वाटाणे भिजवून, रंगवून ताजे म्हणून विकण्याचा प्रकार आपल्याकडे जुना आहे.

आता पैशांचा हिशोब. एक किलो शेंगा सोलल्या की साधारण साडेचारशे ग्रॅम दाणे निघतात. शेंगा भरलेल्या असतील तर थोडे अधिक, पोचट असतील तर बरेच कमी. जानेवारीत शेंगा पन्नास रुपये किलो असतील तर दाणे सुमारे एकशे दहा रुपये किलोने पडतात, आणि तेव्हा दोनशे रुपये किलोचे गोठवलेले पाकीट घेण्यात काही हशील नाही. जूनमध्ये तोच भाव एकशे ऐंशीवर गेला तर दाणे चारशे रुपये किलोला पडतात, आणि त्यांतले निम्मे निबर निघतात. पाकिटाची किंमत वर्षभर फारशी हलत नाही. म्हणजे पाकिटातला हाच मटार हिवाळ्यात दुपटीच्या जवळपास महाग आणि पावसाळ्यात निम्म्या भावात, इतका फरक पडतो. ज्या घरांत ‘फ्रोझन महाग असते’ असे म्हटले जाते तिथे तुलना पाकिटातल्या दाण्यांची शेंगांशी केलेली असते, आणि टरफलांचे वजन हिशोबातून निसटते. हिवाळ्यात पाच-दहा किलो शेंगा आणून, घरातल्या सगळ्यांना सोलायला बसवून, दाणे किंचित उकळून वर्षाची बेगमी करणारी कुटुंबे अजूनही आहेत, आणि त्यांचा हिशोब सर्वांत किफायतशीर आहे; मात्र दाणे गार पाण्यातून काढून, कोरडे करून, आधी ताटात एकाच थरात पसरून गोठवावेत आणि मगच पिशव्या भराव्यात, नाही तर हाती ढेकूळ येते.

पोषणाविषयीचा आक्षेपही तपासून पाहण्यासारखा आहे. वाफवण्यात क जीवनसत्त्वाचा काही भाग पाण्याबरोबर जातो, हे खरे. पण उघड्यावर ठेवलेल्या किंवा चार-पाच दिवस फ्रीजमध्ये पडलेल्या भाजीतूनही ते जातच असते, आणि पालकासारख्या पालेभाजीतून तर फार भराभर जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मका, गाजर, ब्रॉकोली, पालक, मटार, फरसबी, स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरी यांची ताजी व गोठवलेली रूपे तपासली होती. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत गोठवलेला माल ताज्याच्या बरोबरीचा किंवा काही बाबतींत सरस निघाला. मटार, गाजर आणि पालक यांतले बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनते) मात्र गोठवल्यावर बरेच घटले. गोठवलेले म्हणजे सत्त्वहीन, या समजाला यातून फारसे बळ मिळत नाही, पण गाजर ताजेच घ्यावे एवढे नक्की निघते.

तसेही गोठवलेले गाजर चवीला काही कामाचे नसते. मिश्र भाज्यांच्या पाकिटात त्याचे चौकोनी तुकडे वजन भरून काढण्यासाठीच असावेत अशी माझी समजूत झाली आहे. गाजर हा त्यातला सर्वांत स्वस्त जिन्नस, आणि पाकीट मात्र मटाराच्या भावाच्या आसपास असते. मक्याचे दाणे उत्तम. फरसबी पुलावात चालते, परतून भाजी करायला नाही. फ्लॉवर शिजताच लगदा होतो, तो रस्स्यातच जिरवावा. भेंडी कुरकुरीत तळायची असेल तर ठीक. सोलाणे, पावटे आणि ओल्या तुरीचे दाणे यांना मटाराचाच नियम लागू होतो, पण ते सुपरमार्केटमध्ये क्वचितच मिळतात. मराठी स्वयंपाकघराचा विचार करून कोणी उद्योग काढला तर हिवाळ्यातले सोलाणे आषाढात विकून त्याचे भले होईल, असे मला नेहमी वाटते. परदेशातल्या मराठी घरांचा अनुभव याबाबत पुढचा आहे: अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांत गोठवलेले खवलेले खोबरे, तोंडली, गवार, शेवग्याच्या शेंगा आणि मेथी सर्रास मिळते, आणि तिथला नारळ फोडून त्याच्या नशिबाची परीक्षा घेण्यापेक्षा ते खोबरे सोलकढीसाठी कितीतरी भरवशाचे ठरते.

एक सावधगिरी मात्र हवी. वाफवलेली भाजी शिजलेली नसते. २०१५ ते २०१८ या काळात युरोपातल्या पाच देशांत लिस्टेरिया जंतूची साथ आली होती; तिचा माग हंगेरीतल्या एका कारखान्यात गोठवलेल्या मक्यापर्यंत लागला. सत्तेचाळीस जण आजारी पडले आणि त्यांतले नऊ दगावले. हा जंतू गोठवल्याने मरत नाही आणि फ्रीजमधल्या थंडीतही वाढतो, म्हणून पाकिटातला मका वितळवून तसाच कोशिंबिरीत टाकण्याचा नवा प्रघात बरा नाही. तो आधी नीट उकळावा.

मासळीकडे वळल्यावर प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण इथे ‘ताजी’ म्हणजे काय हेच आधी ठरवावे लागते. पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजाराची आवक वर्तमानपत्रांत दर आठवड्याला छापून येते: खोल समुद्रातली इतके टन, खाडीची इतकी, नदीची इतकी आणि आंध्रातून रहू, कतला वगैरे इतकी. यांतल्या खोल समुद्रातल्या मासळीचा विचार करावा. यांत्रिक नौका आठ-आठ, दहा-दहा दिवस समुद्रात असतात; पहिल्या दिवशी सापडलेला मासा तितके दिवस बर्फात राहून बंदराला लागतो, तिथे लिलाव होतो, पुन्हा बर्फ घालून ट्रक घाट चढतो. बर्फात नीट ठेवलेला मासा या मुदतीत खराब होतोच असे नाही, आणि आपल्या उष्ण समुद्रांतले कमी चरबीचे मासे बर्फात बऱ्यापैकी टिकतातही. पण फळीवरचा तो मासा ‘काल पकडलेला’ असतो या कल्पनेत ग्राहकाने रमू नये. हर्णैला संध्याकाळच्या लिलावात किनाऱ्यावर उभे राहून घेतलेली मासळी आणि पुण्यातल्या वातानुकूलित दुकानात बर्फावर मांडलेली मासळी या दोन्हींना आपण ताजीच म्हणतो, पण त्यांच्यात आठवडाभराचे अंतर असू शकते.

त्यात पावसाळ्याची मासेमारी बंदी येते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास मनाई असते, कारण तो अनेक माशांच्या विणीचा काळ असतो. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असल्याने जूनच्या उत्तरार्धापासून तिकडची मासळी इकडे येऊ शकते, पण ती दूरवरून येते. अशा दिवसांत मोठी सुरमई ‘एकदम ताजी’ म्हणून पुढे केली जात असेल तर ती कुठून आली, असे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. शीतगृहातून काढून, वितळवून, बर्फावर मांडलेली मासळी ही खरे तर गोठवलेलीच असते. फरक इतकाच की पाकिटावर तारीख असते आणि फळीवर नसते. २०१८च्या जुलैत गोव्यात नेमका यावरून गदारोळ झाला. मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यांतून आलेल्या मासळीत अन्न व औषध प्रशासनाच्या जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन आढळल्याची बातमी फुटली, नंतर ते प्रमाण मर्यादेत असल्याचे सांगण्यात आले, त्यावरून मोठा वाद झाला, आणि शेवटी सरकारने बाहेरच्या मासळीवर पंधरा दिवसांची बंदी घातली. प्रेते टिकवण्यासाठी वापरले जाणारे रसायन माशाला लावण्याचा मोह होतो तो लांबच्या प्रवासात पुरेशी थंडी राखता येत नाही म्हणून. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मेलिन आणि अमोनिया ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या याच सुमारास बाजारात आणल्या. जूनमध्ये मला मासा हवाच असला तर अशा संशयात राहण्यापेक्षा तारीख छापलेले, उणे अठरा अंशांत राखलेले पाकीट मी निःशंकपणे घेते.

पण कोणत्या माशाचे पाकीट, हे ठरवायला हवे. कोळंबी या शर्यतीत सर्वांत पुढे आहे, आणि त्याला कारणही आहे: भारताच्या सागरी निर्यातीत मूल्याने जवळपास दोन तृतीयांश वाटा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा असतो, आणि २०२२-२३ मध्ये ही एकूण निर्यात सुमारे चौसष्ट हजार कोटी रुपयांची होती. अमेरिका हिचा सर्वांत मोठा ग्राहक. सुपरमार्केटमध्ये मिळते ती बहुधा वनामी जातीची, आंध्रच्या तळ्यांत वाढवलेली कोळंबी. ही जात मूळची मेक्सिको ते पेरू या पॅसिफिक किनाऱ्यावरची असून तिच्या संवर्धनाला आपल्याकडे २००९ मध्ये परवानगी मिळाली. तळ्यातून काढून तासाभरात बर्फात आणि त्याच दिवशी कारखान्यात, असा तिचा क्रम असल्याने गोठवताना ती खरोखर ताजी असते. चवीला ती आपल्या खाडीच्या कोळंबीची बरोबरी करत नाही, थोडी पाणचट लागते; पण खिचडीत, पुलावात किंवा झणझणीत मसाल्यात ती कमी पडत नाही.

फसगत होते ती वजनात. गोठवलेल्या कोळंबीवर पाण्याचे पातळ बर्फाचे कवच चढवतात, आणि त्याचा हेतू चांगलाच असतो: हवेशी संबंध तुटतो, मांस सुकत नाही, चरबी खवट होत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेप्रमाणे पाकिटावरचे निव्वळ वजन हे कवच वगळून असायला हवे. ते तसे आहे की नाही हे पाहण्याचा उपाय सोपा आहे. कवच गार पाण्याखाली सुटेपर्यंतच धुवावे, चाळणीत निथळू द्यावे आणि वजन करावे. समजा, पाचशे ग्रॅम लिहिलेले पाकीट साडेचारशे रुपयांना घेतले आणि निथळल्यावर चारशेच ग्रॅम भरले, तर भाव नऊशेवरून अकराशे पंचवीस रुपये किलोवर गेला. बाजारात पाचशे रुपये किलोची अख्खी कोळंबी डोके, साल व धागा काढल्यावर साधारण निम्मी उरते, म्हणजे हजार रुपये किलोला पडते. वर साफ करण्याची मेहनत आपली, पण डोक्यांचे कालवणही आपलेच. हे दोन आकडे इतके जवळ असतात की प्रामाणिक वजनाचे पाकीट परवडते आणि अप्रामाणिक वजनाचे परवडत नाही.

पाकिटावर आणखी दोन गोष्टी वाचाव्यात. ३१/४० किंवा ५१/६० असे आकडे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅमांत, किती नग बसतात ते सांगतात. आकडा लहान तितकी कोळंबी मोठी. आणि घटकांच्या यादीत आयएनएस ४५१ दिसले तर ते ट्रायफॉस्फेट होय. ते मांसात पाणी धरून ठेवते. मर्यादित प्रमाणात ते वापरण्यास परवानगी असते आणि त्याने रस टिकतो, हे मान्य करूनही मला ते आवडत नाही, कारण त्याच्या आधारे पाणी कोळंबीच्या भावात विकता येते. कढईत टाकताच पांढुरके पाणी सुटून कोळंबी निम्म्या आकाराची झाली, तर ते पाकीट पुन्हा घेऊ नये.

सुरमईच्या गोठवलेल्या तुकड्या तळण्यासाठी चांगल्या निघू शकतात, कारण मांस घट्ट असते. मात्र आपल्याकडे अख्खी सुरमई घेतली की डोके आणि शेपटीकडचा भाग कालवणात जातो, आणि कालवणाची खरी चव तिथूनच येते. पाकिटात सगळ्या मधल्याच तुकड्या असल्याने तळण छान होते आणि आमटी बेताचीच राहते. पापलेट अख्खे गोठवलेले मिळाले तर घ्यावे, कापलेले नको. बांगडा आणि तारली यांच्यात तेल भरपूर. तेल थंडीतही हवेने खवट होत जाते, म्हणून हे मासे गोठवून दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवण्यात अर्थ नाही, तर कमी चरबीचे मासे सहा-आठ महिने बरे राहतात. बांगड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. पकडल्यावर तो उन्हात किंवा उबेत पडून राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होते, खाणाऱ्याच्या अंगावर लाल चट्टे उठतात, डोके ठणकते, आणि हे हिस्टामिन गोठवल्याने किंवा शिजवल्याने नष्ट होत नाही. निष्काळजीपणाने हाताळलेला मासा गोठवून शुद्ध होत नाही, तो तसाच्या तसा जपला जातो.

बोंबील गोठवलेला घेऊ नये. त्याच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, आणि कितीही झटपट गोठवला तरी वितळल्यावर त्याचा आकार राहत नाही. आपल्या कोळी समाजाने तो वलांडीवर टांगून वाळवण्याची रीत काढली ती उगीच नव्हे. पावसाळ्यासाठी बोंबलाचे योग्य रूप सुकेच आहे, जसे कोळंबीचे सोडे.

बासाविषयी मी थोडी कठोर आहे. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यातून जगभर गेलेला आणि आता आंध्रातही वाढवला जाणारा हा गोड्या पाण्यातला मासा. काटे नाहीत, वास नाही आणि जवळजवळ चवही नाही, म्हणून हॉटेलांना आणि मासे खाण्याची सवय नसलेल्या मुलांना सोयीचा. तो वाईट नाही. पण ‘फिश फिले’ असे मोघम नाव आणि चकचकीत वेष्टन देऊन जेव्हा तो समुद्रातल्या माशाच्या भावाला भिडतो, तेव्हा आपण चवीचे नव्हे, काटे नसण्याचे पैसे देत असतो. फिश फिंगरच्या पाकिटात तर वरच्या पावाच्या चुऱ्याचेही पैसे असतात; मासा किती टक्के, हे बारीक अक्षरांत छापलेले असते आणि ते वाचून चकित व्हायला होते. खेकड्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या-लाल कांड्यांचीही तीच गत. त्या बनतात सुरिमीपासून, म्हणजे राणी माशासारख्या स्वस्त माशाचे मांस धुऊन केलेल्या लगद्यापासून. रत्नागिरीत हा उद्योग चांगला रुजला आहे आणि त्याने किनाऱ्यावरच्या कमी किमतीच्या मासळीला गिऱ्हाईक मिळवून दिले, ही त्यातली जमेची बाजू. खाणाऱ्याने त्यात खेकडा शोधू नये एवढेच.

हे सगळे जुळून आले तरी दुकानाचा फ्रीजर बिघडलेला असला तर व्यर्थ. शीतसाखळी तुटते ती बहुधा शेवटच्या टप्प्यात: दुकानामागे उतरवून ठेवलेल्या खोक्यांत, वीज गेल्यावर जनरेटर नसलेल्या दुकानात, किंवा फ्रीजरच्या आतल्या बाजूला आखलेल्या मर्यादारेषेच्या वर रचलेल्या पाकिटांत. दाण्यांचा एकसंध दगड झालेला असला किंवा पाकिटाच्या आत बर्फाचे मोठे खडे साचलेले असले, तर माल एकदा वितळून पुन्हा गोठला आहे असे समजावे. मासळीवर पांढरट, कोरडे, पुठ्ठ्यासारखे डाग असले तर थंडीने तिचे पाणी ओढून घेतले आहे. ती विषारी नसते, पण बेचव आणि चिवट होते, आणि पूर्ण पैसे देण्याच्या लायकीची राहत नाही. ‘एकावर एक मोफत’च्या पाकिटांची वेष्टन-तारीख मी आवर्जून पाहते. मुदत संपलेली नसते, पण संपत आलेली पुष्कळदा असते.

घरी आणताना गोठवलेला माल खरेदीच्या शेवटी उचलावा आणि वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळावा. एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बहुधा उणे अठरापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे पाकिटावर दीड वर्षाची मुदत छापलेली असली तरी तिथे ठेवलेला माल काही आठवड्यांत संपवणे इष्ट. मटार वितळवूच नये. फोडणीत किंवा उकळत्या रस्स्यात थेट गोठलेलाच घालावा आणि तो आधीच अर्धवट शिजलेला असल्याने शेवटच्या चार-पाच मिनिटांत घालावा. मासळी मात्र रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीवर ठेवून सावकाश वितळू द्यावी, गरम पाण्यात कधीही नाही. निर्वात वेष्टनातली असेल तर वेष्टन आधी फोडावे, कारण हवा नसलेल्या जागी काही घातक जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढू शकतात. वितळलेल्या तुकड्या टिपून पूर्ण कोरड्या कराव्यात आणि मीठ तळणीच्या अगदी आधी लावावे. ताज्या सुरमईला आपण मीठ-हळद लावून अर्धा तास मुरवतो. गोठवलेलीला तसे मुरवले तर तिच्यात उरलेला रसही सुटून जातो. चिंचेऐवजी आगळ किंचित लावले, रव्यात तांदळाचे पीठ मिसळले आणि तवा नेहमीपेक्षा अधिक तापवला, तर जूनमधली तुकडीही बाहेरून कुरकुरीत आणि आतून ओलसर होते.